मेल वीथीतले हेडफोन

चार माणसं मिळून एखादी वस्तू निवडायला निघाली की घरात वस्तू एकच येते आणि किस्से पोत्यानं येतात. त्यात ती वस्तू हेडफोन असेल तर विचारायलाच नको. साडी दहा जणींना उलगडून दाखवता येते, आंबा चिरून सगळ्यांना वाटता येतो. हेडफोन मात्र एका वेळी एकाच्याच कानावर. त्याला काय ऐकू आलं ते बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघून ओळखायचं! आमच्या तंजावूरच्या टोळीनं हा उद्योग दोन-तीन वर्षं केला. परवा घरी आलेल्या पाहुण्यांना त्यातला एक किस्सा सांगायला गेलो, तर बाकीचे आपोआप मागून आले. म्हटलं, आता लिहूनच काढावेत.

आधी टोळी सांगतो. घर व्यंकटराव अण्णांचं, मेल वीथीच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या रस्त्याच्या, एका बोळात. अण्णा शाळेत गणित शिकवायचे आणि उरलेला वेळ गाण्यात घालवायचे. त्यांची बायको, म्हणजे आम्हा सगळ्यांची वैनी. मृदंगाला सेल्वराज, तिरुवैयारुहून मोपेडवर यायचा. गायला कल्याणी, तीही तिरुवैयारुचीच, तिथं मुलींना गाणं शिकवायची. आवाज जुळवायला सुंदरराव डॉक्टर. हे डॉक्टर माणसांचे नाहीत, गुरांचे. ओरत्तनाडूच्या सरकारी दवाखान्यात होते आणि दर रविवारी बसनं यायचे. आणि मी, राघू. वीज खात्यात नोकरी. टोळीत माझा उपयोग एवढाच, की करंट कधी जाणार हे मला आधी कळायचं.

अण्णांना एक कॅसेट काढायची होती. आमच्याकडं, म्हणजे तंजावूरच्या मराठी घरांत, लग्नात नवरा-नवरीला झोपाळ्यावर बसवून बायका जुनी मराठी गाणी म्हणतात. ती येणाऱ्या बायका कमी होत चालल्या होत्या. पोरांना मराठी कळायचं, पण उत्तर तमिळमध्ये यायचं. कोणी 'काय करूलास?' म्हणून विचारलं तर पोरगं 'सुम्मा', म्हणजे उगीच, म्हणून पळून जायचं. देवनागरी तर वाचणारं कोणी नाहीच. माझी बायको सोलापूरकडची, म्हणून मला हे असं लिहिता तरी येतं. तेव्हा अण्णा म्हणायचे, गाणी लिहून ठेवून उपयोग नाही, कानातच घातली पाहिजेत.

ते दिवस नवीनच होते. बाजार उघडला होता, घरोघरी केबल आली होती, परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या पेट्या मोठ्या झाल्या होत्या. अण्णांच्या धाकट्या भावानं सिंगापूरहून एक रेकॉर्डर आणला. त्यात एकाच कॅसेटवर चार आवाज वेगवेगळे भरता येत. मृदंग एका पट्टीवर, म्हणजे ट्रॅकवर, तंबोरा दुसऱ्या, गाणं तिसऱ्या. मग बसून एकेक आवाज कमी-जास्त करायचा आणि सगळे एक करायचे. याला मिक्सिंग म्हणतात, असं अण्णांनी घरात जाहीर केलं. वैनी म्हणाली, "माझ्या मिक्सीतून निदान चटणी तरी निघते."

मोठे स्पीकर घ्यायची ऐपत नव्हती, आणि घेतले असते तरी समोरच्या देवळाच्या कर्ण्यापुढं त्यांचं काही चाललं नसतं. म्हणून हेडफोन. इथून पुढं जे झालं ते असं.

* * *

पहिला हेडफोन अण्णांनी मद्रासहून आणला. खोक्यावर चमकत्या अक्षरांत लिहिलं होतं की याच्यात ढोल असा वाजेल की छाती हलेल. अण्णांनी तो कानाला लावून मृदंग ऐकला आणि डोळे मिटले. आम्ही एकेक करून लावला. खरंच, मृदंगाचा डावा हात असा घुमायचा की वाटे आपणच त्याच्या आत बसलो आहोत. इतका घुमतो तर गाणं बुडेल, म्हणून अण्णांनी मृदंग थोडा कमी केला. तरी घुमला. आणखी कमी केला. असं करत करत सगळं छान जुळलं.

तिरुवैयारुला जाणाऱ्या-येणाऱ्या एका खासगी बसचा ड्रायव्हर सेल्वराजच्या ओळखीचा होता. बसमध्ये दिवसभर कॅसेटी वाजायच्या. सेल्वराजनं त्याला आमची कॅसेट दिली आणि त्या दिवशी मोपेड घरी ठेवून मुद्दाम बसनं आला. शेजारच्या माणसाला त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, की आता जो मृदंग ऐकाल तो वाजवणारा तुमच्या शेजारीच बसला आहे.

कॅसेट सुरू झाली. कल्याणीचा आवाज आला, तंबोरा आला. मृदंग आलाच नाही. बसच्या स्पीकरमध्ये छाती हलवणारं काहीच नव्हतं, त्यामुळं डावा हात पार गेला आणि उजव्या हाताची नुसती बारीक टिकटिक उरली. दोन नद्यांचे पूल मागं पडेपर्यंत तो माणूस मान एका बाजूला करून ऐकत राहिला. मग म्हणाला, की बाई फार गोड गाते, पण मागं एव्हरसिल्व्हरचा, म्हणजे स्टीलचा, पेला कोण वाजवतंय?

सेल्वराज पुढच्या थांब्यावर उतरला आणि उरलेला रस्ता चालत आला. अण्णांच्या ओसरीवर येऊन बसला, पाणी प्यायला, आणि अगदी शांतपणे विचारलं, "अण्णा, कॅसेट भरली त्या रविवारी मी आलो नव्हतो का?"

* * *

मग ठरलं की निवड नीट करायची. आम्ही तिघं, म्हणजे अण्णा, डॉक्टर आणि मी, त्रिचीला एका मोठ्या दुकानात गेलो. दुकानदार उत्साही होता. नवीन नवीन माल येत होता आणि त्याला तो दाखवायची हौस होती. एकेक हेडफोन काढायचा आणि त्यावर एकच सिनेमाचं गाणं लावायचा. त्या गाण्यात एवढी वाद्यं होती की कुठल्याही हेडफोनमध्ये ते भरगच्चच वाजायचं. अण्णा प्रत्येक वेळी म्हणायचे, हाच घेऊ.

डॉक्टर काही बोलेनात. हा माणूस मुळातच कमी बोलायचा. दिवसभर गुरांशी बोलून त्याचा कोटा संपत असावा. त्यांनी पिशवीतून स्वतःची एक कॅसेट काढली आणि दुकानदाराला म्हणाले, ही लावा. मग डोळे मिटून एकेक हेडफोन लावून ऐकत गेले. एक बाजूला ठेवला, दुसरा बाजूला ठेवला. तिसऱ्याला थांबले, परत ऐकला, आणि मान हलवली.

दुकानदाराला राहवेना. त्यानं तोच हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. बराच वेळ ऐकलं. चेहरा गंभीर झाला. परदेशातलं काही नवीन संगीत असणार, आपल्याला कळत नाही असं दिसू नये, म्हणून त्यानं बोटांनी काउंटरवर ठेकाही धरला. शेवटी हेडफोन काढून त्यानं आदरानं विचारलं, की ही मंडळी कुठली?

"ओरत्तनाडूची," डॉक्टर म्हणाले. "लक्ष्मी. चार वर्षांची गाय आहे, पोट एकदम उत्तम."

बाहेर आल्यावर अण्णांनी त्यांना फैलावर घेतलं. डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं. जो आवाज आपण रोज ऐकतो, जो कसा असायला पाहिजे हे आपल्याला पक्कं माहीत आहे, त्याच्यावरच हेडफोन तपासायचा. नवीन गाण्यावर तपासला तर हेडफोन चांगला की गाणं चांगलं हे कळणार कसं? मी रोज गाईच्या पोटाला नळी लावून बसतो, म्हणाले, मला दुसरं काय माहीत असणार?

आम्ही घेतला तो लक्ष्मीनं पास केलेलाच.

* * *

या हेडफोनला बाहेरून जाळी होती. आवाज मोकळा, उघड्या अंगणात बसल्यासारखा. यावर केलेलं मिक्सिंग बसमध्येही तसंच वाजलं आणि सेल्वराजचा मृदंग परत आला. आम्ही खूश. मग नवीन गाणी भरायला घेतली.

गाणं भरताना कल्याणीच्या कानात आधीचा मृदंग वाजत राहायचा, म्हणजे तिला त्याच्यावर गाता येई. ताल कुठं चुकू नये म्हणून अण्णांनी एका पट्टीवर स्वतःच्या आवाजात मोजणी भरून ठेवली होती, एक दोन तीन चार, एक दोन तीन चार. शेवटी ती पट्टी पुसून टाकायची असं ठरलेलं. तशी पुसलीही. कॅसेट झाली, अण्णांनी ती कौतुकानं शाळेत नेली आणि एका तरुण शिक्षकाला ऐकवली. तो अण्णांचाच जुना विद्यार्थी.

त्यानं पहिलं गाणं ऐकलं, दुसरं ऐकलं आणि अस्वस्थ झाला. अण्णांनी कारण विचारलं. तो म्हणाला, की सर, गाणी छान आहेत, पण ऐकताना मला सारखं वाटतंय की मी गृहपाठ केलेला नाही.

आम्हाला काही उमगेना. घरी परत लावून बारकाईनं ऐकलं. कल्याणीनं जरा श्वास घेतला की मागून, लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा एक आवाज, एक दोन तीन चार. पट्टी पुसली होती, पण जाळीतून बाहेर झिरपलेली मोजणी कल्याणीच्या मायक्रोफोननं सगळ्या गाण्यांत टिपून ठेवली होती. लग्नाच्या झोपाळ्यामागं गणिताचा मास्तर उभा!

वैनी कढीपत्ता निवडत होती. तिनं मान वरसुद्धा केली नाही. म्हणाली, की मला पहिल्या दिवशीच ऐकू आला होता, पण माझ्या कानात तो लग्न झाल्यापासूनच आहे, मला वाटलं आतलाच.

* * *

म्हणजे मिक्सिंगला जाळीचा आणि गाताना घालायला बंद, घट्ट, असे दोन लागणार. दुसरा अण्णांच्या भावानं सिंगापूरहून पाठवला. हा घट्ट म्हणजे किती, तर पहिल्यांदा घातल्यावर कल्याणीला वाटलं कोणीतरी दोन्ही कान धरून वर्गाबाहेर काढतंय. डॉक्टर तो ओरत्तनाडूला घेऊन गेले, भात मोजायच्या मापावर ताणून आठवडाभर ठेवला आणि परत आणला. मग बरोबर बसला.

कल्याणी रोज वेणीत मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा माळायची. हेडफोनची पट्टी बरोबर त्याच्यावरून जायची. थोड्याच दिवसांत त्या हेडफोनच्या गाद्यांना असा वास बसला, की कानाला लावला की गाणं सुरू व्हायच्या आधी देवळात गेल्यासारखं वाटायचं. आम्हाला बरंच वाटायचं. सेल्वराजला नाही.

कारण सेल्वराज त्याच हेडफोनवर मृदंग भरायचा आणि संध्याकाळी घरी जायचा तेव्हा त्याच्या केसांना, कानांमागं मल्लिगेचा वास असायचा. त्याची बायको मंगै काही रविवार गप्प बसली. मग एका रविवारी मोपेडवर मागं बसून त्याच्याबरोबर आली. वैनीला म्हणाली, सहज आले. पण नजर सगळीकडं फिरत होती. कल्याणीच्या गजऱ्यावर ती जराशी थांबली.

वैनी हुशार. तिनं काही न बोलता तो हेडफोन उचलला आणि मंगैच्या डोक्यावर घातला. मंगैनं वास घेतला, कळायचं ते कळलं, आणि ती एकदम हसली. डॉक्टरांनी तोवर टेप सुरू केला होता. हसता हसता ती थांबली. नवऱ्याचा मृदंग तिनं आयुष्यभर भांड्यांच्या, पोरांच्या आणि कोंबड्यांच्या आवाजातून ऐकलेला. असा, दोन्ही कानांत, बोटन् बोट वेगळं, कधी ऐकलाच नव्हता. ती तिथंच खाली बसली. कॉफी आली, निवली, तरी उठेना. एक गाणं झालं की हातानंच खूण करायची, पुढचं. सेल्वराज खांबाला टेकून उभा होता आणि परीक्षेच्या निकालाला उभा असल्यासारखा घाम पुसत होता.

शेवटी तिनं हेडफोन काढला. नवऱ्याकडं बघून म्हणाली, "हे घरी का वाजवत नाहीस?"

त्यानंतर ती बऱ्याच रविवारी यायची. येताना स्वतःही गजरा माळून यायची.

* * *

सेल्वराजचं मराठी हा वेगळाच प्रकार. आधी त्याला आमची भाषा नीटशी येत नव्हती. पण हेडफोनमध्ये कल्याणीचा शब्दन् शब्द इतका स्वच्छ यायचा, आणि एकेक गाणं इतक्या वेळा ऐकावं लागायचं, की हळूहळू त्याला मराठी यायला लागलं. फक्त ते सगळं लग्नाच्या गाण्यांतून आलेलं.

एकदा दुपारी ऊन मी म्हणत होतं. सेल्वराज आला, ओसरीवर मोपेडची किल्ली ठेवली, आणि आत कामात असलेल्या पन्नाशीच्या वैनीला अत्यंत सभ्यपणे म्हणाला, "सखये, शीतल उदक आण."

वैनीनं तांब्या आणून दिला. पुढं वर्षभर अण्णांनी पाणी मागितलं की ती म्हणायची, नीट मागा, सेल्वराज मागतो तसं.

* * *

आता करंटचा. आमच्या बोळात शांतता म्हणून नव्हतीच. टीव्ही, मिक्सी, देवळाचा कर्णा, सायकलवाल्यांच्या घंट्या. खरी शांतता महिन्यातून एकदाच व्हायची, दुरुस्तीसाठी करंट बंद ठेवायचे त्या दुपारी. मग सगळी वीथी गप्प. पण तेव्हा आमचा रेकॉर्डरही गप्प. यावर डॉक्टरांनी तोड काढली. गाडीच्या बॅटरीवर रेकॉर्डर चालतो. मग मी करंट बंद असायचा दिवस सांगायचा आणि टोळीनं बॅटरी घेऊन जमायचं, गाणं भरायचं आणि भरलेलं पाळीपाळीनं ऐकायचं.

समोर पट्टाभी मामा राहायचे. करंट नसला की ते खिडकीत बसून वारा घेत. त्यांना अण्णांच्या हॉलमध्ये काय दिसायचं? पाच-सहा शहाणी माणसं जमिनीवर गोल करून बसली आहेत. कोणी बोलत नाही. एकाच्या कानांवर काळ्या वाट्या आहेत आणि तो डोळे मिटून डोलतो आहे. मग तो वाट्या काढून शेजारच्याला देतो, आता तो डोलतो. आवाज कसलाच नाही.

मामांनी दोन-तीन वेळा बघितलं. मग एका दुपारी लुंगी सावरत रस्ता ओलांडून आले आणि मला बाजूला घेतलं. वीज खात्यातला म्हणून माझ्यावर त्यांचा विश्वास होता. हळूच म्हणाले, की राघू, माझेही गुडघे फार दुखतात, मलाही तो शॉक देता येईल का?

मी त्यांना हेडफोन घातला. झोपाळ्याचं गाणं होतं. मामांनी संपेपर्यंत ऐकलं, डोळे पुसले, आणि तसेच उठून घरी गेले. दुसऱ्या दिवशी वैनीला सांगून गेले, की गुडघ्यांना बराच आराम आहे.

* * *

हा वैनीचा. एका गाण्यासाठी कल्याणीच्या दोन बाजूंना दोन मायक्रोफोन ठेवले होते, म्हणजे ऐकताना एक डावीकडून येतो, एक उजवीकडून. गाणं पहिल्याच खेपेला असं उतरलं की परत घ्यायची गरजच वाटली नाही. मिक्सिंगला बसलो तेव्हा जाळीच्या हेडफोनमध्ये एक नवीनच गोष्ट ऐकू आली. नवऱ्याचं नाव घ्यायच्या ओळीवर, शब्द संपतो न संपतो तोच, भिंतीवरची पाल चुकचुकली होती.

साध्या टेपवर ते कळतही नव्हतं. पण अण्णांना कळलं म्हणजे वैनीला कळणार, आणि वैनी या बाबतीत कडक. आमच्याकडं पाल बोलली तर ती कुठल्या बाजूनं बोलली ते बघतात. एक बाजू शुभ, दुसरी नाही. लग्नाच्या गाण्यात पाल अशुभ बाजूनं बोलली असेल तर ते गाणं कुठल्याही घरात वाजता कामा नये, असं वैनीनं सांगितलं आणि पंचांग घेऊनच बसली.

अण्णांनी ऐकलं, म्हणाले उजवीकडून. डॉक्टरांनी ऐकलं, म्हणाले डावीकडून. अण्णांनी परत ऐकलं. उजवीकडूनच! डॉक्टरांनी परत ऐकलं आणि मान हलवली, डावीकडून. दोघंही खोटं बोलणारे नव्हेत. दोघांचा आवाज चढायला लागला. तेवढ्यात कल्याणीच्या लक्षात आलं की अण्णा दर वेळी हेडफोन उलटा घालतात.

म्हणजे डावीकडूनच. गाणं गेलं. कल्याणीचा चेहरा उतरला, कारण तसं ते परत गाता येईल की नाही याची तिला खात्री नव्हती.

वैनीनं अण्णांना विचारलं, की हा आवाज इकडचा तिकडे करायची बटणं या यंत्रावर आहेत ना? अण्णा हो म्हणाले. वैनीनं पंचांग मिटलं.

"मग पाल उजवीकडं घ्या," ती म्हणाली, "आणि जेवायला चला."

ती कॅसेट आजही लग्नांत वाजते. पाल शुभ बाजूनं बोलते. ज्यांच्या टेपला एकच स्पीकर आहे त्यांचं वैनी बघून घेईल.

* * *

आणि हा शेवटचा.

एकच गाणं राहिलं होतं. त्याला मृदंग नव्हता, नुसता तंबोरा. त्यामुळं कल्याणीला हेडफोन लागत नव्हता. ती आतल्या कोठीच्या खोलीत, दाराला रजया टांगून, तंबोरा घेऊन मायक्रोफोनपुढं एकटी बसली. बाहेर हॉलमध्ये डॉक्टर रेकॉर्डरशी, घट्ट हेडफोन घालून. आम्ही बाकीचे, म्हणजे अण्णा, सेल्वराज, मंगै आणि मी, भिंतीला टेकून. आम्हाला दाराआडून अगदी पुसट ऐकू येत होतं. तिचा प्रत्येक श्वास ऐकणारा माणूस तिथं एकच होता.

आता घट्ट हेडफोन घातलेल्या माणसाची एक अडचण असते. त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. तो मनात पुटपुटतो आहे असं त्याला वाटतं आणि तो मोठ्यानं बोलत असतो. हे डॉक्टरांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. इतके दिवस आम्हाला गप्प बसवायचे तेच.

दुसरं कडवं संपलं. पुढची ओळ सुरू व्हायच्या आधीच्या त्या थोड्याशा शांततेत, आमचे हे अबोल डॉक्टर, गोठ्यात शेतकऱ्याला हाक मारतात त्या आवाजात म्हणाले,

"हिला लग्नाचं विचारू तरी कसं?"

सेल्वराजचा हात तोंडावर गेला. मंगैला मराठी कळत नव्हतं, पण तिलाही कळलं. वैनी स्वयंपाकघरातून डाव हातात घेऊनच दारात आली. अण्णांनी काही मोजायला सुरुवात केली असावी, त्यांचे ओठ हलत होते.

डॉक्टर तसेच बसलेले, डोळे मिटून. त्यांना काही पत्ताच नाही. पुढच्या ओळीची वाट बघत होते.

ओळ आली नाही. तंबोरा तेवढा वाजत राहिला. मग तोही थांबला.

डॉक्टरांनी डोळे उघडले. आमच्याकडं बघितलं, एकेकाचं तोंड वाचत गेले, आणि वैनीच्या हातातल्या डावापर्यंत आल्यावर त्यांना समजलं. माणूस कानापासून मानेपर्यंत लाल झाला. हात हेडफोन काढायला वर गेले.

आणि तसेच थांबले. कारण आत खोलीत कल्याणी बोलत होती. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. ती मायक्रोफोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन, हळू, बोलत असावी. फार वेळ नाही. डॉक्टर दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून ऐकत होते. ऐकता ऐकता ते हसायला लागले. आम्ही त्यांना हसताना कधी बघितलं नव्हतं, त्यामुळं सुरुवातीला ते हसू आहे हेसुद्धा ओळखू आलं नाही.

मग त्यांनी टेप थांबवला, कॅसेट काढली, शर्टाच्या खिशात घातली आणि खिशावर हात ठेवला. अण्णा म्हणाले, की अहो, गाणं अर्धं राहिलं. डॉक्टर म्हणाले, राहू दे.

लग्न तिरुवैयारुला झालं. नदीकाठच्या मंडपात झोपाळा बांधला होता, आमचीच कॅसेट लावली होती, आणि सेल्वराजनं सगळ्या पाहुण्यांना मराठीत उदक विचारलं. वैनीला मात्र चैन नव्हतं. सगळं आटोपून बायका नवरीला घेऊन आत गेल्या तेव्हा तिनं कल्याणीला कोपऱ्यात गाठलं आणि विचारलं, की आता तरी सांग, त्या दिवशी आत काय म्हणालीस?

कल्याणीनं वेणीतला गजरा नीट केला.

"वैनी," ती म्हणाली, "त्यासाठी हेडफोन तुम्ही घालायला हवा होता."